लेझरचा फोटो छापलात, शेजारचं खुरपं राहिलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर अमेरिकेतल्या लेझरनं तण जाळणाऱ्या मशीनची बातमी आली, अर्धं पान होती आणि फोटो पण मोठा. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो दिवसभर फिरला आणि संध्याकाळपर्यंत "आता निंदायला बायांच्या मागं फिरायची गरजच नाही" असे मेसेज सुरू झाले, खाली हसरे चेहरे. लिहिणारे सगळे बाप्ये होते हे वेगळं सांगायला नको. मी काही लिहिलं नाही कारण तिथं लिहिलं की वाद होतो, म्हणून तुम्हाला लिहितेय. लांबलंय, कापाल तर कापा, पण अमरवेलीचं आणि पोटातल्या बाळाचं तेवढं कापू नका.

मी येवला तालुक्यातली, कांदा, मका, सोयाबीन करणारी. थोरला मुलगा ॲरिझोनात युमा नावाच्या गावी तुषार सिंचनाच्या कामावर आहे, मागच्या हिवाळ्यात तीन महिने त्याच्याकडं होते. इथं कांद्याची लागण ऐन भरात आणि ही बाई अमेरिकेला, असं जावा अजून ऐकवतात. पण तिथं जाऊन मॉल बघितले नाहीत, मला त्यात रस नाही, मुलगा कामावर निघाला की त्याच्या गाडीत बसायचे आणि शेतं बघायचे. ते मशीन जवळून पाहिलंय. ट्रॅक्टरच्या मागं मोठा डबा, आत कॅमेरे आणि लेझर, सिएटलची कार्बन रोबोटिक्स म्हणून कंपनी आहे ती बनवते. खालून टिकटिक उजेड चमकतो आणि दोन पानांवरचं तण जागच्या जागी करपतं, वास येतो, वाळलं गवत पेटवल्यावर येतो तसा. भारी आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच शेताच्या दुसऱ्या टोकाला वीसेक माणसं लांब दांड्याची खुरपी घेऊन एका ओळीत चालत होती, तो फोटो कोणी काढत नाही.

आधी युमा म्हणजे काय ते सांगते. वाळवंट. वर्षाला पाऊस पडतो जेमतेम 75-80 मिलिमीटर. आम्ही येवल्याचे लोक पाऊस नाही पाऊस नाही म्हणून जन्मभर रडतो पण त्याच्या पाच-सहापट तर आमच्याकडं दुष्काळी तालुका असून पडतो. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढं. तरी नोव्हेंबर ते मार्च अख्ख्या अमेरिकेत जी लेट्यूस, पालक असली पालेभाजी खपते त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास या युमा भागातून आणि शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल व्हॅलीतून जाते. सगळं कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर. 1909 चं लगुना धरण, मग 1938 चं इम्पिरियल धरण, आणि युमाचा कालवा तर चक्क नदीच्या पोटाखालून बोगद्यानं पलीकडं नेलाय, 1912 साली. पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार म्हणून तहसीलला खेटे घालणाऱ्या माणसाला ते बघून काय वाटत असेल ते तुम्ही समजून घ्या.

आता मला वाटलं होतं वाळवंटात तण कुठून येणार. शेताच्या बांधापलीकडं नुसती वाळू आणि काटेरी झुडपं, काही उगवतच नाही. मुलगा म्हणाला, आई पाणी आलं की तण आलं. आणि खरंच, जिथं पाणी पोचतं तिथपर्यंत हिरवं आणि त्यातलं अर्धं न पेरलेलं. ओळखीचं निघालं सगळं! हराळी होती, लव्हाळा होता, घोळ होती, चंदनबटव्याच्या जातीचं होतं, माठ होता. हजारो कोसांवर जाऊन लव्हाळा बघितला तेव्हा हसूच आलं, म्हणलं बाबा तू इथं पण. लव्हाळ्याची गाठ म्हणजे आपला नागरमोथाच, दिवाळीच्या उटण्यात असतो तो. दिवाळीत अंगाला लावायचा आणि बाकी वर्षभर शिव्या घालायच्या.

तिथं विद्यापीठाचं शेती केंद्र आहे, ॲरिझोना विद्यापीठाचं, त्यांच्या एका शिवारफेरीला मुलानं नेलं. तणांवर काम करणारे एक संशोधक होते, वयस्कर, टोपीवाले, ते गुडघ्यावर बसून लोखंडी तारेची चौकट जमिनीवर ठेवत होते आणि चौकटीतली तणाची रोपं एकेक करून मोजत होते, मोजलं की वहीत लिहायचं, चौकट उचलायची, पुढं ठेवायची. दुपारपर्यंत तेच. मला आमच्या शाळेतले पटसंख्या मोजणारे गुरुजी आठवले. लेझर येतोय, रोबोट येतोय, आणि हा माणूस मोजतोय. नंतर मुलाला मधी घालून मी त्यांना विचारलं की एवढं काय मोजता, तर ते म्हणाले (मुलानं सांगितलं तसं लिहिते) की कुठलं तण कुठल्या पाण्याला उगवलं हे कळल्याशिवाय औषधाचं काय ते ठरतच नाही.

आणि हे काय प्रकरण आहे ते मला पुढं हळूहळू कळलं. लेट्यूसचं बी फार बारीक, सप्टेंबरमधी पेरतात तेव्हा तिथं अजून भट्टी पेटलेली असते आणि लेट्यूसचं बी गरम मातीत उगवायला नाही म्हणतं. म्हणून पेरलं की तुषार सुरू करतात आणि माती थंड ठेवायला दिवसरात्र कित्येक दिवस चालू ठेवतात. आता तणनाशक आहे प्रोनामाइड म्हणून, ते उगवणीपूर्वीचं. ते पेरल्या पेरल्या मारलं तर एवढ्या पाण्याबरोबर ते खाली वाहून जातं. तणाचं बारीक बी उगवतं वरच्या बोटभर मातीत आणि औषध बसलंय चार बोटं खाली, म्हणजे पैसे गेले पाण्यात, अक्षरशः. म्हणून ते लोक थांबतात, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाणी देऊन घेतात आणि मग तुषारच्या पायपातूनच औषध सोडतात, म्हणजे तणाचं बी जेव्हा फुगून मोड काढायला बघतंय नेमकं तेव्हा आणि नेमकं त्या थरात ते हजर. औषध तेच, डोस तोच, फक्त तीन-चार दिवस उशिरा. हे शोधायला मशीन नाही लागलं, चौकट घेऊन बसणारा माणूस लागला.

तरी त्या औषधानं सगळं मरत नाहीच. आपल्या पाथरीसारखं एक तण आहे, पिवळ्या फुलाचं, तोडलं की चीक येतो, ते वाचतं. कारण ते लेट्यूसच्याच कुळातलं. जे औषध लेट्यूसला सोडतं ते लेट्यूसच्या भाऊबंदांना पण सोडतं. भाऊबंदकीचा त्रास काय फक्त आपल्याकडंच आहे का.

अजून एक, तिथं तणाचे पण खरीप-रब्बी आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पाण्याला घोळ, माठ, गवतं येतात, नोव्हेंबरनंतर थंडी पडली की ती मागं पडतात आणि मोहरीच्या जातीची, चंदनबटव्याच्या जातीची वर येतात. एकाच गावात, एकाच पिकात, पेरणी महिनाभर पुढं-मागं झाली की औषध बदलतं. आपल्याकडं दुकानात गेलं की पहिला प्रश्न काय, "पीक कोणतंय?" तण कोणतंय, पाणी कसं देताय, मोकाट का ठिबक का तुषार, हे मला तीस वर्षांत एकाही दुकानदारानं विचारलेलं नाही.

लव्हाळ्याचं बघा. आपण ठिबक केलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की तण कमी होतं, सगळं रान ओलं होत नाही ना. बरोबर आहे, दोन ओळींमधलं गेलं. पण ड्रीपरखाली जिथं बारा महिने ओल तिथं लव्हाळा असा माजला की त्याच्या गाठींची माळ निघते, आणि मल्चिंग पेपर अंथरला तर तो पेपर फोडून सुईसारखा वर येतो. वाळवंटातले लोक लव्हाळ्याला दोन गोष्टींनी मारतात, एक म्हणजे भर उन्हाळ्यात कोरडं रान नांगरून गाठी वर काढायच्या आणि पाण्याचा थेंब न दाखवता उन्हात वाळू द्यायच्या, गाठ वाळली की संपली, आणि दुसरं म्हणजे सावली. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून दोन-चार वर्षं लसूणघास करतात, दाट होतो, खाली ऊन पोचत नाही. आता ही पहिली गोष्ट आमच्या आजेसासऱ्यांना माहीत होती, चैत्रात नांगरट करून ढेकळं तापू द्यायची, त्याला काय नवीन. पण आता चैत्रात कुणाचं रान रिकामं असतं सांगा, उन्हाळी कांदा निघतोय तोवर दुसऱ्याची तयारी.

लसूणघासावरून आठवलं. तिथं पण त्याला अमरवेल लागते, पिवळ्या दोऱ्याची जाळी पसरावी तशी. मी आपल्याकडं कायम समजायचे की अमरवेल शेजाऱ्याच्या बांधावरनं येते आणि त्यावरून आमची भांडणं पण झालीत. ती येते बियाण्यातून. घासाच्या बियात तिचं बी मिसळलेलं असतं आणि जमिनीत पडलं की वर्षानुवर्षं तसंच जिवंत राहतं. उगवल्यावर तिला स्वतःचं मूळ असं टिकाऊ काही नसतं, थोड्या दिवसांत घासाचं खोड हाताला लागलं तर जगली नाहीतर वाळली. म्हणजे तिचा जीव जायची वेळ तीच, त्या थोड्या दिवसांची. नंतर आपण विळ्यानं कापत बसतो आणि प्रत्येक तुकडा पुन्हा धरतो. तिथं उगवणीच्या आधी औषध टाकतात, आणि तरी कुठं दिसली तर तेवढा तुकडा गॅसच्या जाळानं घासासकट जाळून टाकतात. शेजारणीची मी माफी मागितली आल्यावर, ती म्हणाली आता कशाला, बारा वर्षं झाली.

कालव्यातून पण तण येतं हे तर आपण बघतोच, पहिल्या आवर्तनाबरोबर काय काय वाहून येतं. इम्पिरियल व्हॅलीत 1977 ला कालव्यांमधी हायड्रिला नावाचं पाणतण सापडलं, ते एवढं वाढतं की पाणीच पुढं जाईना. औषध टाकायची सोय नाही कारण तेच पाणी लोक पितात. मग त्यांनी गवत्या मासा सोडला, आपल्याकडं शेततळ्यात सोडतात तोच, पण पिल्लं न होणारा, म्हणजे पाणी व्यवस्थापनवाल्यांनी माशांची पैदास स्वतः सुरू केली आणि नदीत पसरू नये म्हणून वांझ मासे तयार करून सोडले. गोदावरीतली जलपर्णी बघत मोठ्या झालेल्या बाईला हे ऐकून कसं वाटलं असेल. (गवत्या जलपर्णी फारशी खात नाही म्हणतात, तेव्हा लगेच कुणी मासे आणायला धावू नका.)

आता माठाची गोष्ट, ही जरा नीट वाचा कारण ती आपल्या कपाशीवाल्यांसाठी आहे. पामर ॲमरॅन्थ म्हणून एक जात आहे, आपल्या राजगिऱ्याची, तांदुळजाची चुलत बहीण. तिचं माहेर हेच वाळवंट, सोनोरन वाळवंट. तिथले मूळ रहिवासी तिची भाजी खायचे, बी दळून खायचे. ही पोरगी कशी वाढली बघा, वाळवंटात पाऊस पडला की डबकं वाळायच्या आत उगवून, वाढून, बी टाकून मोकळं व्हायचं, म्हणून वाढीचा वेग भयंकर, चांगल्या दिवसात दिवसाला दोन-दोन इंच, उंची पुरुषभर नाही त्याच्याही वर, आणि एका झाडाला लाखांनी बी. नर झाड वेगळं, मादी वेगळी, त्यामुळे परागाबरोबर गुण पण दूर उडतात. ही गेली पूर्वेकडं कपाशीच्या भागात. तिथं ग्लायफोसेट नावाचं तणनाशक सहन करणारी कपाशी लावत होते, वर्षानुवर्षं एकच औषध, आणि 2005 च्या सुमारास जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेटला दाद न देणारी पामर सापडली. पुढं काय झालं, तर हजारो एकरवाले शेतकरी पुन्हा हातात खुरपी देऊन माणसं शेतात घालायला लागले. अमेरिकेत. कापसात. माणसं.

आपल्याकडं चोरून तणनाशक सहन करणारी कपाशी लावतात हे सगळ्यांना माहीत आहे, 2019 ला अकोला जिल्ह्यात तर उघड आंदोलन करून लावली. मी त्यांना नावं ठेवणार नाही, निंदणीचा खर्च मी पण भरते, ऐन वेळेला बाया मिळत नाहीत ते पण भोगते. पण परवानगी मिळो न मिळो, एकाच औषधावर सगळा भार टाकला तर पुढं काय होतं त्याचं चित्र तिकडं तयार आहे. पेपरनं ते छापावं ना, दोन्ही बाजूच्या घोषणा छापून काय उपयोग.

आणि आता ते, जे कापू नका म्हणाले. तिथं कोबी, ब्रोकोली आणि कांद्यात एक तणनाशक वापरायचे, डीसीपीए, 1958 पासून बाजारात. माझ्यासारख्या कांदावालीनं कान टवकारलेच. ऑगस्ट 2024 मधी तिथल्या सरकारच्या पर्यावरण संस्थेनं ते आणीबाणीचा आदेश काढून तडकाफडकी बंद केलं, असा आदेश जवळजवळ चाळीस वर्षांत पहिल्यांदा निघाला म्हणे. कारण काय, तर गरोदर बाईच्या अंगात ते गेलं तर पोटातल्या बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होतो, आणि शेतात फवारून बरेच दिवस झाले तरी धोका राहतो. फवारणाऱ्याचं सोडा, नंतर निंदायला, काढणीला जाणारीचं काय, हा प्रश्न त्यांना पडायला पण 1958 ते 2024 एवढी वर्षं लागली, पण पडला. आपल्याकडं ऑक्सिफ्लोरफेन नावाचं तणनाशक मारलेल्या कांद्यात बाई कितव्या दिवशी शिरते, सहा महिन्यांची पोटुशी असली तर कोण तिला सांगतं, अनवाणी बसते वाफ्यात दिवसभर. ते औषध हे नाही, मी डॉक्टर पण नाही, घाबरवायचं पण नाही. पण फवारलं कधी आणि आत कधी जायचं हे वावराच्या बांधावर पाटीवर लिहायला काय जातं? तिथं शेताच्या तोंडाशी पाटी असते, हात वर करून थांबवणाऱ्या माणसाचं चित्र, आत येऊ नका.

माझ्या स्वतःच्या चुकीचं पण सांगून टाकते. 2018 ला सोयाबीनमधी दुकानदारानं दिलं ते तणनाशक मारलं, नंतर बघितलं तर इमॅझेथापायर होतं. तण झकास मेलं. पावसानं दगा दिला, सोयाबीन कशीबशी निघाली, आणि त्याच रानात विहिरीच्या पाण्यावर कांदा लावला. रोप बसलंच नाही. पिवळं पडलं, मुळं आखूड, एक एकर मोडून टाकला. आम्ही बुरशी म्हणून औषधं मारली, रोपवाटिकावाल्याशी भांडलो. युमात गेल्यावर कळलं की तिथं तर याचा वेगळा अभ्यासच आहे, की कुठलं तणनाशक मारल्यावर किती महिने कुठलं पीक घ्यायचं नाही. औषध मातीत मोडतं ते मुख्यत्वे जिवाणूंमुळं, आणि माती कोरडी राहिली की जिवाणू झोपतात, औषध तसंच राहतं. वाळवंटात पाणी बंद म्हणजे घड्याळ बंद. आमच्या त्या दुष्काळी साली हेच झालं असणार. डब्याबरोबरच्या कागदावर काही लिहिलेलं असेलही, पण ती अक्षरं मुंगीएवढी, आणि दुकानदाराला विचारायला गेले तर म्हणाला ताई तुमचं पाणी खारं असेल.

आता खुरप्याकडं येते, कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

पहाटे साडेचार-पाचला मेक्सिकोच्या बाजूनं माणसं बॉर्डर ओलांडून रांगेत येतात, बसमधी बसतात आणि शेतावर जातात. त्या प्रत्येक बसच्या मागं ट्रॉलीसारखा जोडलेला असतो तो संडास. हात धुवायला पाणी, साबण, कागद. बस जिथं, संडास तिथं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मुलाला गाडी थांबवायला लावली, त्याला वाटलं मला उलटी होतेय. मी चाळीस वर्षं निंदतेय संपादक साहेब, मक्याच्या आडोशाला जाण्याचे दिवस आणि कांद्याच्या उघड्या रानात दिवसभर पाणी न पिता काढलेले दिवस मला वेगवेगळे आठवतात. याहून जास्त लिहीत नाही.

त्या माणसांच्या हातात लांब दांड्याचं खुरपं असतं, उभ्यानं चालत, मान तेवढी खाली. पूर्वी तसं नव्हतं. हातभर दांड्याचं असायचं, एल कोर्तितो म्हणायचे, म्हणजे बुटकं, दिवसभर कमरेत वाकून लेट्यूस विरळायची. मालक म्हणायचे लांब दांड्यानं पीक तुटतं. खरं कारण अजून एक होतं, बुटकं खुरपं असलं की कोण काम करतंय ते मुकादमाला लांबून दिसायचं, जो उभा दिसला त्यानं काम थांबवलं! सीझर चावेझ, शेतमजुरांचे मोठे पुढारी, ते याच युमाजवळ 1927 साली जन्मले, त्यांनी स्वतः हे खुरपं चालवलेलं. शेवटी 1975 ला कॅलिफोर्नियात ते बंद झालं. पीक काही बुडालं नाही. पुढं 2004 ला वाकून हातानं तण उपटण्यावर पण तिथं बंधनं आली, सेंद्रिय शेतीला, फार दाट पिकाला वगैरे सूट.

दुपारी एक बाई, माझ्याच वयाची, जेवणाच्या सुट्टीत पाटाच्या कडेची घोळ खुडून पिशवीत भरत होती. व्हर्दोलागास, ती म्हणाली. मी म्हणलं घोळ. मग मी खुणेनं सांगितलं की आम्ही डाळ घालून करतो, तिनं खुणेनं सांगितलं की ती डुकराच्या मटणात घालते. दोघी हसलो. जिला उपटायचे पैसे मिळतात तेच ती घरी नेऊन शिजवते, हे तर आमच्या बायांचं रोजचंच आहे.

गावी परत आल्यावर लोहाराकडून पाच लांब दांड्याची खुरपी करून घेतली, पात्याला कोन कसा ठेवायचा यात दोन चुकली, मग जमली. आमच्या टोळीतल्या पाच जणींना दिली. मक्यात उत्तम चाललं, दुपारनंतर पण बाया हसतबोलत होत्या, एरवी तेव्हा कण्हतात. तुरीत चाललं. कांद्यात नाही चाललं. लेट्यूस असते दहा-बारा इंचावर, आमचा कांदा सहा इंचाच्या ओळीत चार इंचावर, त्यात ते पातं शिरलं की तणाबरोबर कांदाच येतो, अर्ध्या तासात मीच म्हणलं ठेवा ते, काढा आपली जुनी. म्हणजे पुन्हा बसणं, पुन्हा सरकणं. एकीनं दांडा अर्धा कापून घेतला तर ते ना इकडचं ना तिकडचं.

तेव्हा माझं म्हणणं असं की तुमच्या कृषी पानावर जे तज्ज्ञ लिहितात त्यांना विचारा, कांद्याची ओळ किती इंचावर ठेवली तर उत्पन्न पडणार नाही आणि उभ्यानं खुरपणी होईल, हे कुणी आमच्या सारख्या काळ्या रानात, ठिबकवर, चौकट ठेवून मोजलंय का? युमाच्या केंद्रात पेरायच्या आधी चार इंच रुंद पट्ट्यात वाफ सोडून मातीतलं तणाचं बी शिजवून मारायचं मशीन पण बघितलं, डिझेल खातं आणि मुंगीच्या चालीनं चालतं, ते मी मागत नाही. लेझर तर नाहीच, त्या पैशात अख्खं गाव येईल. जबलपूरला तणांवरच काम करणारी देशाची मोठी संस्था आहे, 1989 पासून, राहुरीला विद्यापीठ आहे, राजगुरुनगरला कांदा-लसणाचं केंद्र आहे, यांच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर ते आमच्यापर्यंत तुम्हीच पोचवू शकता, लेझरला अर्धं पान दिलंत तर त्याला पाव द्या. आणि कुणाला बांधावर येऊन करायचं असेल तर माझं वीस गुंठे रान घ्या, लागण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, रोप मी टाकलंय. पाचही खुरपी घरी आहेत, त्यातलं एक अर्ध्या दांड्याचं.

आपली,
एक कांदा उत्पादक बाई
ता. येवला, जि. नाशिक